अभयदादा आणि कारूबाबांची धून

अभयदादाबद्दल कोणी विचारलं की मी आधी त्याचं चांगलं तेवढं सांगतो. चांगलं सांगायला बराच वेळ लागतो. वाईट एका वाक्यात संपतं आणि ऐकणारा "अस्सं होय" म्हणून मोकळा होतो. मला ते नको असतं. माणूस मुळात लबाड असता तर त्याच्यावर मी चार ओळीही वाया घालवल्या नसत्या. तो लबाड नव्हता. तो आमच्यावर जीव टाकायचा, आणि त्यानेच आम्हाला दगा दिला. या दोन गोष्टी एका माणसात शेजारी शेजारी कशा राहतात ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळत नाही म्हणून रागही जात नाही.

त्याची माझी ओळख जयंतीच्या मिरवणुकीत झाली. बोरगाव मेघेच्या आमच्या वस्तीतली पोरं वाजवत होती आणि मी आजोबांचा क्लॅरिनेट घेऊन पुढे होतो. चौकापासून एक उंच माणूस माझ्या बाजूने चालायला लागला. अंगात बाह्या दुमडलेला सदरा, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीतून बासऱ्यांची टोकं वर आलेली. नाचणारे धक्के देत होते, निळा गुलाल उडत होता, आणि हा बाबा कान माझ्या वाद्याकडे करून डोळे मिटून चालत होता. दोनदा अडखळला, एकदा कोणाच्या तरी अंगावर पडला, पण बाजू सोडली नाही. विहारापाशी मिरवणूक थांबल्यावर त्याने विचारलं, हे कोणाचं. मी सांगितलं, आजोबांचं. त्याने आधी दोन्ही हात सदऱ्याला पुसले, मग वाद्य हातात घेतलं. त्या हात पुसण्यावर मी भाळलो, हे कबूल करतो.

आमच्या आजोबांचं असं होतं की धम्मदीक्षेनंतर वस्तीने ठरवलं, आता हुकूम आला म्हणून कोणाच्या दारात, कोणाच्या वरातीपुढे वाजवायला जायचं नाही. डफडी, सनया माळ्यावर गेल्या. पण आजोबांना वाजवल्याशिवाय राहवेना. त्यांनी नागपूरच्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरकडून हा क्लॅरिनेट मिळवला आणि त्याच्याकडेच शिकले. हे वाद्य आपल्या बापजाद्यांनी कधी कोणासमोर मान खाली घालून वाजवलेलं नाही, म्हणून ते घेतलं, असं ते सांगायचे. अभयदादाला मी हे सांगितलं तेव्हा तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि म्हणाला, पुन्हा सांग. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, रविवारी काय करतोस?

तो सिंदी मेघेत राहायचा. वडील कॉलेजात प्राध्यापक होते, आता निवृत्त. घरात पुस्तकं, सतार, भिंतीवर तानपुरा. त्याने पुण्यात राहून बासरीचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि परत येऊन दोन शाळांत संगीत शिकवत होता. घरात आई-वडिलांशी तो पुस्तकातलं मराठी बोलायचा आणि जिना चढून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आला की आमच्याशी आमच्या बोलीत. सुरुवातीला मला वाटलं, हा नाटक करतो. पण त्याची आजी आर्वीकडची होती, बोली त्याने तिच्याकडून उचलली होती, आणि राग आला की ती आपोआप यायची. म्हणून मी त्या बोलीवर विश्वास ठेवला.

खोलीत शिरताना मोबाइल पोळ्यांच्या जुन्या डब्यात टाकायचे आणि डबा बाहेर गच्चीवर ठेवायचा, हा नियम. दुसरा नियम, आल्या आल्या वाजवायचं नाही. आधी जेवला का, ते सांगायचं. उपाशी माणसाचा श्वास तोकडा पडतो, असं त्याचं म्हणणं. नाही म्हटलं की तो खाली ओरडून आईला सांगायचा आणि काकू कोथिंबिरीची सांबारवडी पाठवायच्या. स्वतः मात्र दिवसभर मीठ घातलेला काळा चहा प्यायचा आणि कोणी वाजवत असलं की त्याला बोटांची नखं कुरतडायची सवय होती. आपलं चुकलं की तो आपल्याकडे पाहायचा नाही, खिडकीबाहेर पाहायचा. ते पाहणं शिवीपेक्षा वाईट लागायचं.

सुमन त्यानंतर आठ महिन्यांनी आली. ती वर्ध्याला मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए. करत होती. गाव आष्टीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. घर गोंडाचं, वडील गावाची गुरं राखायचे. एका कॉलेजच्या संमेलनात कागदाचे मुकुट घातलेल्या मुली आदिवासी नाच करत होत्या आणि खरीखुरी गोंड मुलगी पडद्याच्या मागे उभी राहून त्यांच्यासाठी पावा वाजवत होती. अभयदादा परीक्षक होता. नाच संपल्यावर त्याने निकाल लिहायला नकार दिला. म्हणाला, आधी पडदा बाजूला करा आणि वाजवणारीला पुढे आणा. सुमन पुढे आली तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती आणि ती घाबरली होती, कारण तिला वाटलं आपलं काही चुकलं. त्याने तिला सगळ्यांसमोर पुन्हा वाजवायला लावलं आणि टाळ्या वाजवायला स्वतः आधी उभा राहिला.

ही गोष्ट खरी आहे, मी तिथे होतो. पण पुढे तो ती इतक्यांदा, इतक्या ठिकाणी सांगत गेला की ती सुमनची राहिली नाही, त्याची झाली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट तो सांगायला लागला की मीच बाकीच्यांना गप्प करायचो.

तिघं पहिल्यांदा एकत्र बसलो त्या दिवशी भलतीच गंमत झाली. आजोबांचा क्लॅरिनेट जुन्या पलटणीच्या बँडातला. त्या काळी बँडची वाद्यं आजच्यापेक्षा चढ्या सुराची असत. माझा षड्ज पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडायचा, त्यामुळे मला कोणी साथीला घेत नसे. सुमनचा पावा तिच्या वडिलांनी जंगलातला बांबू कापून केलेला, त्याला कुठल्या पेटीचं माप ठाऊक असणार? मी सूर धरला, तिने धरला, आणि दोन्ही सूर तंतोतंत एक झाले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मग अभयदादाने आपली पुण्याहून आणलेली महागडी बासरी तोंडाला लावली आणि तीच तेवढी बेसूर निघाली.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "तुमी दोघं शिकलेले अन् मीच अडानी निंगालो." ती बासरी त्याने पिशवीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बुरडाकडे जाऊन बांबू आणला. सळई तापवून भोकं पाडत आठवडाभर बसला. सात बासऱ्या बिघडल्या. आठवी आमच्या सुराला आली. तिच्यावर त्याने हिरवा दोरा गुंडाळला. बिघडलेल्या सात त्याने टाकल्या नाहीत, खिडकीत पितळी तांब्यात उभ्या करून ठेवल्या, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचा. शिकलेला माणूस आपला सूर सोडून आमच्या सुरात येतो, याचं मला फार मोठं वाटलं होतं.

आमच्या जथ्याचं नाव त्याने 'तिघं' एवढंच ठेवलं. तिघांतला एक नसेल तर कार्यक्रम नाही, हा तिसरा नियम. एकदा देवळीला एका शाळेत कार्यक्रम होता आणि मला सकाळपासून ताप. मी म्हटलं, तुम्ही दोघं करून या. तो शाळेत गेला, मुख्याध्यापकांची हात जोडून माफी मागितली आणि सुमनला घेऊन परत आला. संध्याकाळपर्यंत आमच्या घरी माझ्या उशाशी बसून त्याने माझ्या बापाशी कापसावरच्या अळीबद्दल गप्पा मारल्या, ज्यातलं त्याला काडीचंही कळत नव्हतं. आमच्या बापाला माणसं पटकन पटत नाहीत. तो गेल्यावर बाप म्हणाला, "हा मानूस तुले सोडनार नाई." बापाचा अंदाज सहसा चुकत नाही.

कारूबाबांची धून आमच्याकडे आली ती सुमनच्या चुकीने. सुमनचे वडील कारू मडावी तीन वर्षांपूर्वी तापाने वारले होते. त्यांच्या भागात गुराख्यांची एक रीत आहे. चार गावांची गुरं एकाच नाल्यावर पाण्याला येतात, आणि परत फिरायची वेळ झाली की प्रत्येक गुराखी आपापली धून वाजवतो. ज्याची गुरं त्याच्या धुनेवर वेगळी होऊन त्याच्यामागे चालू लागतात. म्हणून दुसऱ्याची धून कोणी वाजवत नाही. गुराखी गेला की त्याची धून त्याच्या घराची होते, आणि घराने होकार दिल्याशिवाय तिला बाहेर हवा लागत नाही. एका रविवारी सुमन गच्चीच्या कठड्याला टेकून एकटीच ती वाजवत होती. जिन्यात अभयदादा उभा होता. वाजवणं संपलं तरी तो वर आला नाही. आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने एवढंच विचारलं, "आपल्याले भेटन का हे?"

सुमन म्हणाली, मायला विचारावं लागेल.

आम्ही तिघं एसटीने तिच्या गावी गेलो. तिच्या मायला कमी ऐकू यायचं, म्हणून अभयदादा तिच्या कानाजवळ खाली बसून बोलला. आम्ही ओसरीवर जेवलो. मोहाच्या झाडाखाली बाजेवर बसून त्याने सगळं समजावून सांगितलं, धून कुठे वाजवणार, कशी वाजवणार. माय उठून ओसरीवर गेली. भिंतीला अडकवलेली नवऱ्याची घोंगडी तिने उगाच काढून झटकली, पुन्हा अडकवली. मग म्हणाली, "तिघं मिळून वाजवा. अन् जिथी वाजवसान तिथी त्याचं नाव घेजा. ढोरं तं आता राह्यले नाई, मानसं तरी वळखतीन त्याले."

अभयदादाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "नाव घेतल्याशिवाय फुंक मारनार नाई, माय."

आणि वर्षभर त्याने तो शब्द पाळला. आष्टीला, वर्ध्याला, सेलूच्या एका शाळेत, जिथे जिथे वाजवलं तिथे तो आधी उभा राहायचा. घसा साफ करायचा. "ही धून कारू मडावी यांची," असं म्हणून थोडं थांबायचा, जणू कारूबाबा मागून चालत येत आहेत आणि त्यांना बसायला जागा करून द्यायची आहे. मग सुमन एकटी सुरू करायची, मी खालचा सूर धरायचो आणि शेवटी तो यायचा. आष्टीला बाजाराच्या दिवशी वाजवलं तेव्हा एक म्हातारा गुराखी पुढे येऊन सुमनच्या डोक्यावर हात ठेवून गेला. त्याने धून ओळखली होती. ते सुमनने मायला सांगितलं आणि मायने ते गावभर सांगितलं.

नंतर पुण्याच्या एका महोत्सवाचे लोक वर्ध्याला एका शिबिरासाठी आले होते, त्यांनी आम्हाला ऐकलं. अभयदादाला फोन येऊ लागले. तो अधूनमधून पुण्याला जायला लागला, बोलणी करायला म्हणून. आम्ही खूश होतो. मी तर नवीन शर्टही शिवायला टाकला.

मे महिना होता. सुमनची परीक्षा संपली आणि मायच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून ती महिनाभर गावी गेली. रविवारी आम्ही दोघंच बसायचो. आणि पहिल्याच रविवारी आमचे सूर जुळेनात. माझा क्लॅरिनेट चढा लागत होता. उन्हाळ्यात लाकूड तापलं की सूर चढतो हे मला माहीत होतं, म्हणून मी त्याला ओलं फडकं गुंडाळलं. फरक पडला नाही. तोंडाकडचा सांधा ओढून लांबी वाढवली, तर खालचे सूर जरा जवळ आले आणि वरचे पार बिघडले. मी तोंडाकडची फुंकायची पत्ती बदलली. पुढच्या रविवारी आणखी एक बदलली. नागपूरला जाऊन एका जुन्या कारागिराला दाखवलं, तो म्हणाला वाद्य ठणठणीत आहे. माझा विश्वास बसेना. मला वाटलं, दोष माझ्या ओठांत आहे, माझ्या दमात आहे. मी घरी आरशासमोर उभा राहून पहिल्या वर्षाच्या पोरासारखा एकच सूर तासन् तास धरत बसायचो. बाप विचारायचा, बरं नाही का तुले?

अभयदादा समोर बसून हे सगळं पाहत होता. तो नखं कुरतडायचा, चहा प्यायचा आणि खिडकीबाहेर पाहायचा. एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आजोबांचं वाद्य आता थकलं असेल. त्या दिवशी मी घरी जाऊन क्लॅरिनेट पेटीत ठेवला आणि रडलो. आजोबा गेले तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो.

जूनमध्ये सुमन परत आली. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं की माझं काही खरं नाही, तुम्हा दोघांना दुसरा कोणी शोधावा लागेल. रविवारी खोलीत तिने सरळ पावा काढला, म्हणाली, सूर धर. मी सांधा होता तसा पूर्ण बसवला आणि धरला. तिने धरला. पहिल्या दिवशी आले होते तसे दोन्ही सूर एक होऊन आले. आम्ही पुन्हा धरले. पुन्हा एक.

मग आम्ही दोघंही अभयदादाकडे वळलो. त्याच्या मांडीवर बासरी होती, हिरवा दोरा गुंडाळलेली. मी उठलो आणि ती उचलली. जवळून पाहिली. ती आठवी नव्हती. बांबू वेगळा, भोकं सुबक, पुण्याच्या कारागिराच्या हातची. दोरा तेवढा त्याने आमच्या बासरीचा सोडवून तिच्यावर गुंडाळला होता.

"महिनाभर मी मलेच दोष देऊन राह्यलो," मी म्हटलं. "तू समोर बसून पाहून राह्यला होता. बोलला काऊन नाई?"

"तुला वाईट वाटलं असतं रे," तो म्हणाला.

हे त्याने पुस्तकातल्या मराठीत म्हटलं. त्या खोलीत तो तसं आमच्याशी पहिल्यांदाच बोलत होता. मग त्याने सगळं सांगितलं, सावकाश, एकेक गोष्ट, शाळेत मुलांना समजावतात तसं. पुण्याच्या लोकांना तो एकटा हवा होता. त्यांचे साथीदार नेहमीच्या सुरात वाजवतात, आमची वाद्यं त्यांच्यात बसत नाहीत. त्याने आमच्यासाठी खूप प्रयत्न केला. तीन महिन्यांपासून तो त्यांच्याबरोबर सराव करत होता आणि आता बोटं नव्या बासरीवर बसली होती, आठवीवर परत जाता येत नव्हतं. सांगणार होता, योग्य वेळ पाहत होता. हे सगळं खरंही असेल. पण माझं वाद्य थकलं असेल असं म्हणताना त्याच्या हाताचं जे वजन माझ्या खांद्यावर होतं, ते मला आठवत राहिलं. मी त्याला नको ते बोललो. ते इथे लिहीत नाही.

सुमनने मात्र आवाज चढवला नाही. तिने एकच विचारलं.

"बाबाची धून वाजवशीन का तिथी?"

"वाजवली तर नाव घेईन. माझा शब्द आहे."

ती बरं म्हणाली आणि पावा पिशवीत ठेवला. जिना उतरताना काकू सांबारवडीची ताटली घेऊन वर येत होत्या. त्यांना काही माहीत नव्हतं. आम्ही एकेक वडी घेतली, कारण नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही.

पुण्याच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाइलवर आला. चांगलं सभागृह, मागे निळा प्रकाश, तबला, कीबोर्ड. अभयदादा गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कुडत्यात. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, आता माझी एक रचना सादर करतो. आणि कारूबाबांची धून सुरू केली. मी व्हिडिओ बंद करणार होतो, सुमनने करू दिला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, वाजवलं चांगलं. खरंच चांगलं वाजवलं होतं. तो वाईट वाजवणारा असता तर आमचं दुःख अर्धं झालं असतं.

मी म्हटलं, आपण भांडू, लोकांना सांगू. सुमनने नको म्हटलं. तिची अडचण वेगळी होती. माय रोज विचारायची, अभय मोठ्या गावाला गेलता ना, बाबाचं नाव घेतलं ना? आणि सुमनने हो म्हणून टाकलं होतं. मायने ते साऱ्या गावाला सांगितलं. आता गावात कारू मडावीचं नाव पुण्याला पोचलेलं होतं. ते परत कसं आणायचं?

दोन वर्षं अशीच गेली. ती धून त्याच्या नावाने रेकॉर्ड झाली, लोकांच्या मोबाइलवर वाजू लागली. सुमन पदवीधर होऊन आष्टीला एका आश्रमशाळेत लागली, मी जिल्हा परिषदेत चिकटलो. महिन्यातून एकदा ती वर्ध्याला आली की आमच्या घरी दोघं वाजवत बसायचो. ती धून सोडून बाकी सगळं.

गेल्या हिवाळ्यात वर्ध्यात अभयदादाचा सत्कार ठरला. त्याने मला फोन केला नाही, सुमनला केला. म्हणाला, माझ्या मनाला लागून राहिलं आहे, माझ्या गावच्या मंचावर मी ते दुरुस्त करतो, यावेळी नाव घेतो, आईंना घेऊन ये. सुमनने मला विचारलं, काय करू? मी म्हटलं, जाऊ नको. तिने पुष्कळ विचार केला आणि म्हणाली, "त्यानं एकदा जरी घेतलं नं पंकजदादा, तं माहं खोटं खरं होते."

सत्काराच्या दिवशी माय सकाळच्या एसटीने आली. कोरं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पिशवीत अभयसाठी मोहफुलांचे लाडू. आम्हाला दुसऱ्या रांगेत जागा राखून ठेवलेली होती, खुर्च्यांवर आमची नावं लिहिलेले कागदही होते. असल्या बाबतीत तो कधी विसरायचा नाही.

तो मंचावर आला. अंग भरलं होतं, केस कानांवर आले होते. त्याने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं, आम्ही दिसलो, आणि त्याच्या तोंडावर आनंद पसरला. खोटा नव्हता तो. मला त्याची माहिती आहे. तीन रचना झाल्या. मग त्याने घसा साफ केला. सुमनने मायचा हात हातात घेतला. मीही खुर्चीत पुढे सरकलो, कारण दोन वर्षांचा राग असूनही मला त्या क्षणी तो हवा होता, आमचा अभयदादा, कोणाला तरी जागा करून देण्यासाठी थांबणारा.

तो थांबलाही. आमच्याकडे पाहत, भरल्या आवाजात म्हणाला, "यापुढची धून माझी नाही. ती आपल्या याच मातीतल्या एका अनाम गुराख्याची आहे. त्या अज्ञात कलावंताला मी वंदन करतो."

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. त्या माणसाच्या घरी तो जेवला होता. त्याच्या घोंगडीखाली बसला होता. अनाम म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही, कारण नाव घेतलं असतं तर धुनेला मालक मिळाला असता आणि रेकॉर्डवरचं त्याचं नाव पुसावं लागलं असतं, आणि असं बोलून त्याला वाटत होतं की त्याने आमचं सगळं परत केलं.

टाळ्यांत मायला काही ऐकू आलं नव्हतं. ती सुमनच्या कानाशी झुकली. "घेतलं का नाव?"

सुमन मंचाकडे पाहत होती. "हो, माय," ती म्हणाली. "घेतलं."

मायने पदर सारखा केला, उभी राहिली आणि मंचाकडे पाहून दोन्ही हात जोडले. अभयदादाला ते दिसलं. त्याने बासरी काखेत धरली आणि तिथूनच, भरल्या डोळ्यांनी, तिला हात जोडले.